चौक घेतला, देवी वगळली

तीन वर्षांपूर्वी ९ ऑगस्टला, विश्व आदिवासी दिनाच्या निमित्तानं, आमच्या गटानं एक मेळावा घेतला. त्याचं भित्तिपत्रक करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. गेरूच्या रंगाचा कागद, मधोमध तारप्याच्या नाचाचं वेटोळं आणि चारी बाजूंनी वारली चौकाची नक्षी. ओळखीच्या एका मुलानं संगणकावर तासाभरात करून दिलं. आम्हां सगळ्यांना आवडलं. मेळाव्याला डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवरून बारा-तेरा जणी आल्या होत्या. त्यांतल्या एक साठीच्या बाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, दारावर लावलेल्या त्या कागदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत. जवळ गेले तर त्यांनी विचारलं, ‘ताई, हा चौक कोणी लिहिला?’

मी त्या मुलाचं नाव सांगितलं. तो वारली नव्हता हेही सांगावं लागलं. मावशींनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला, ‘आत पालघट कुठे आहे?’

मैत्रिणींनो, चौक म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी जो चौकोन काढतात, त्याच्या मधे पालघट देवी असते. झाडापेराची, बाळंतपणाची, भरल्या घराची ती देवी. चौकाची सगळी नक्षी तिच्यासाठी असते. आम्ही नक्षी घेतली, देवी बाहेर ठेवली आणि तिच्या जागी नाच बसवला, कारण नाच ‘आदिवासी’ दिसतो. तेही हक्कांच्या मेळाव्याला! मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आदिवासींच्या हक्कांसाठी, संस्कृतीसाठी, ज्ञानासाठी काम करणारे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. त्यांच्यामुळे झालेलं भलंही खोटं नाही. पण आपण मदतीला जातो तेव्हा बरोबर एक कागद नेतो. कधी चित्राचा, कधी दाव्याचा, कधी बियाण्याच्या नोंदीचा. त्या कागदावर कुणाचं नाव लिहायचं हे पाड्यावर ठरण्याआधी बऱ्याचदा आपल्याच डोक्यात ठरलेलं असतं, आणि बाईचं नाव तिथेच गळतं. आदिवासी पुरुष तिला बाजूला सारतो की नाही हा पुढचा प्रश्न झाला. सारण्याचं पहिलं काम पुष्कळदा आपल्या हातून होतं.

वारली चित्रांचंच बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर गेले. त्यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि बाहेरच्या जगाला दिसली. माणूस तळमळीचा होता, यात शंका नाही. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकाच होत्या. लग्नाचा चौक सुवासिनींनी काढायचा, धवलेरीनं गाणी म्हणायची, त्याशिवाय लग्न लागत नसे. पण कागदावर पहिलं मोठं नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. बायका परक्या माणसापुढे बुजल्या आणि जिव्या पुढे आले असं सांगतात. त्यांचा मोठेपणा मला कमी करायचा नाही. लग्नविधीची चौकट सोडून त्यांनी शेत, मासेमारी, मुंग्या, पाऊस, सगळं जगणं त्या रेषेत आणलं. ते त्यांचं स्वतःचं काम आहे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्यामागून कितीतरी तरुण या चित्रांवर उभे राहिले, परदेशी जाऊन आले. त्यांच्या आया आणि आज्या मात्र ‘पारंपरिक’ या एका शब्दात राहिल्या. परंपरेला नाव नसतं, सही नसते आणि मानधनही नसतं.

हे असंच व्हायचं होतं, असं कुणी म्हणेल. पण हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६च्या दुष्काळात, बिहारमध्ये मिथिलेत गेले होते. तिथल्या बायकाही घराच्या भिंतींवर लग्नाचं कोहबर काढत. (तिकडे कोहबर ‘लिहितात’ असंच म्हणतात. मावशींच्या तोंडी ‘लिहिला’ ऐकलं तेव्हा मला त्याची आठवण झाली. ज्यांना आपण निरक्षर म्हणून मोजतो त्या दोन्हीकडे लिहीतच होत्या!) तिथेही कागद वाटला गेला, पण तो बायकांच्या हातात पडला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं आज चित्रकलेच्या इतिहासात आहेत. जगदंबा देवींना १९७५ सालीच पद्मश्री मिळाली. मिथिला काही स्त्रीमुक्तीचं माहेरघर नव्हे. तिथला पडदा आणि हुंडा आपल्याला ठाऊक आहे. उलट वारली समाजात बाईला जास्त मोकळीक, असं आपणच भाषणांतून सांगत असतो. तरी कागद तिथे बाईकडे गेला आणि इथे पुरुषाकडे. दुष्काळात घर चालवायला बायकांना काम द्यायचं हे तिथे आधी ठरलेलं होतं. इथे तसं कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून जो पुढे आला त्याला मिळालं. परक्याशी बोलायला, बाजाराला, कचेरीत जायला सरावलेला असतो तो पुरुषच, तेव्हा पुढे तोच येणार.

२०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशन मिळालं. आदिवासी तरुणांनी त्यासाठी खटपट केली ती योग्यच होती. चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत कुणीही उठून वारली छापतो, त्याला थोडा तरी आळा बसावा. पण असं निर्देशन समूहाचं असतं. त्या समूहात चौक जाणणाऱ्या म्हाताऱ्या किती, त्यांना विचारलं का, हे त्या कायद्याला विचारावंच लागत नाही.

एक गोष्ट मी सोडून देणार नाही. चौक काढायचा तो सुवासिनींनीच, म्हणजे विधवेला तिथे हात लावता येत नाही. पन्नास वर्षं चौक काढलेली बाई नवरा गेल्यावर बाजूला बसते. ‘मातृदेवतेची संस्कृती’ असं म्हणून आपण भारावतो तेव्हा हेही डोळ्यांसमोर असू द्यावं.

आता जमिनीकडे येते. मेळाव्यातलं खरं बोलणं तिथेच चाललं होतं.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांचं बंड झालं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना लग्नगडी म्हणजे काय हे सांगायला नको. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे जन्मभर, त्याच्याकडे राबायचं. कर्ज नवऱ्याच्या नावावर असे. राबायला मात्र ज्या बाईच्या लग्नासाठी ते कर्ज काढलं तीही जाई. वेठीच्या कामाबरोबर जमीनदाराच्या माणसांची नजर आणि हात, हेही तिच्याच वाट्याला. गोदावरीबाई पुण्याच्या सुखवस्तू घरातून, कायद्याचं शिक्षण घेऊन तिथे गेल्या आणि त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं. त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सहायक कार्यकर्तीचं काम म्हणून मी आजही नव्या मुलींना आधी ते पुस्तक वाचायला देते.

वेठ गेली, लग्नगडी गेला. जंगलजमिनीवर मात्र आदिवासी ‘अतिक्रमणदार’च राहिला. अनेक संघटनांनी वर्षानुवर्षं लढून २००६ साली वनहक्क कायदा मिळवला. या कायद्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. विवाहितांच्या जमिनीचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावानं संयुक्त नोंदवायचा. कुटुंबप्रमुख एकटी असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. २०१२च्या सुधारणेनंतर ग्रामसभेच्या गणपूर्तीतही हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. शिवाय जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानलेला आहे. इतक्या साध्या शब्दांत बाईची नोंद घेणारे जमिनीचे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

दाव्यांचे अर्ज भरून घ्यायला आम्ही शिबिरं घेतली. चार-पाच जणी टेबलं मांडून बसायचो, समोर ही रांग. अर्जात पहिला रकाना दावेदाराच्या नावाचा, दुसरा पती किंवा पत्नीच्या नावाचा. मी काय विचारत होते? ‘घरात कर्ता कोण?’ अर्थातच पुरुष पुढे यायचा, त्याचं नाव पहिल्या रकान्यात, बायकोचं दुसऱ्यात. किती तरी अर्ज मी असे भरले. तिसऱ्या दिवशी एक विधवा दिरासोबत आली. मी सवयीनं दिराचं नाव लिहायला घेतलं. जमीन कसत होती ती, दंड भरला होता तिनं, वनखात्याच्या शिपायानं कोयता जप्त केला होता तो तिचा. तिनं काही म्हटलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या एका आदिवासी कार्यकर्तीनं माझा हात धरला, म्हणून तो अर्ज नीट भरला गेला. बाकीच्यांचं काय झालं असेल ते मला सांगवत नाही. बाईंचा हक्क कायद्यात होता, माझ्या पिशवीत त्या कायद्याची मराठी पुस्तिका होती आणि माझ्या तोंडात ‘कर्ता’ होता.

पुराव्याचंही तसंच. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब या कायद्यात पुरावा म्हणून चालतो. जबाब घ्यायला आम्ही पाड्यातले तीन म्हातारे बोलावले. ते चांगलं बोलले, पण नकाशावर ओहोळ कुठून वळतो, कडूकंद कुठल्या उतारावर निघतो, मोहाची कुठली झाडं कुठल्या घराची, इथे आले की ते आत घराकडे बघून हाक मारायचे, आतून उत्तर यायचं आणि ते पुन्हा आम्हाला सांगायचे. आम्ही ते ‘त्यांचा जबाब’ म्हणून लिहून घेतलं. खाली अंगठा त्यांचा.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला किसान मोर्चा चालत आला. वनजमिनीच्या मागणीसाठी आलेल्यांत आदिवासी फार मोठ्या संख्येनं होते. त्या वेळी वर्तमानपत्रांतून रक्ताळलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं आली. त्यातले पाय बाईचे होते. आपण सगळ्यांनी ती छायाचित्रं पाहिली, हळहळलो, पाणी आणि चपला घेऊन गेलो. त्या पायांच्या मालकिणीचं नाव दाव्याच्या कुठल्या रकान्यात आहे, हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

हे बोलायला लागलं की आपल्याच बाजूच्या मित्रांकडून एक उत्तर हमखास येतं. ‘आधी समाजाचा हक्क मिळू द्या, बाईचं नंतर बघू. त्यांच्या संस्कृतीत बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये.’ यातलं दुसरं वाक्य मला एरवी पटतं. मिशनऱ्यांपासून आश्रमशाळांपर्यंत आदिवासींना ‘सुधारायला’ निघालेल्यांनी जे करून ठेवलंय ते बघता ही सावधगिरी हवीच. पण हे वाक्य फक्त बाईच्या प्रश्नापाशीच का आठवतं? मोबदल्याच्या, आरक्षणाच्या, धरणाच्या प्रश्नात आपण खुशाल बाहेरून जाऊन उभे राहतो. आणि ‘त्यांची संस्कृती’ म्हणताना तिचा प्रवक्ता कोण, हे आपणच निवडलेलं असतं.

सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवतात. मारहाण होते, गावातून हाकलतात, जीवही जातो. अशा बाईकडे बघा. ती एकटी असते, तिला झाडपाल्याचं कळत असतं किंवा तिच्याकडे तुकडाभर जमीन असते. पुष्कळदा यातलं सगळंच असतं. तिच्या ज्या ज्ञानाचं आपण चर्चासत्रांत कौतुक करतो, त्याच ज्ञानापायी ती मार खाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचा आधार घेता येतो. आणि हा विरोध काही आपण शहरातून नेलेला नाही. सत्तरच्या दशकात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी दारूचे अड्डे फोडले, मारकुट्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर जाब विचारला. तेव्हा त्यांना कुणी स्त्रीमुक्तीचं पुस्तक वाचून दाखवलेलं नव्हतं. जमिनीच्या लढ्यात उतरल्यावर त्यांनी घरातलाही हिशेब मांडला. ती त्यांची संस्कृती नव्हे काय?

वारसाहक्काचं दुखणं तर अजून जुनं. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तेव्हा बाईला काय मिळायचं ते रूढी ठरवते. १९८० च्या दशकात सिंहभूममधल्या, आताच्या झारखंडातल्या, हो समाजाच्या स्त्रियांसाठी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो ‘मानुषी’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक मधु किश्वर यांनी, त्या स्त्रियांनाच अर्जदार करून. निकाल १९९६ साली लागला. न्यायालयानं तो कायदा रद्द केला नाही, पण जमिनीवर जगणाऱ्या बायकांना उपजीविकेपुरतं संरक्षण दिलं. अर्धीच भाकरी. पुढे १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर केवळ ती बाई आहे म्हणून तिचा वाटा नाकारता येणार नाही. ‘आमच्यात बाईला देत नाहीत’ एवढं म्हणून आता भागू नये. रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती दाखवावी. तरीही रूढी कोण सांगणार, साक्षीला कोण बोलावलं जाणार, हा प्रश्न पुन्हा आमच्या त्या तीन म्हाताऱ्यांपाशी येऊन थांबतो.

चांगलं घडतं तेही सांगितलं पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजाच्या, शाळेत कधी न गेलेल्या. वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावरान बियाण्यांचा साठा त्यांनी घरात जपला, वाढवला. बायफ संस्था त्यांच्या मदतीला आली, पण नाव राहीबाईंचंच राहिलं. व्यासपीठावर बोलतात त्याच, आपल्या भाषेत. २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नाव बाईचं लिहायला काही क्रांती लागत नाही, हे यात दिसतं. माझी तक्रार एवढीच की आपल्याला एक राहीबाई सापडली की आपण थांबतो. मडक्यात, राखेत घालून बी ठेवणाऱ्या बायका सह्याद्रीत घरोघर आहेत. शेतकऱ्यांचे वाण शेतकऱ्यांच्या, समूहांच्या नावे नोंदवण्याची सोय २००१च्या कायद्यात आहे. ते अर्ज भरायला पुन्हा टेबल मांडायची वेळ येईल तेव्हा ‘कर्ता कोण’ हे विचारायचं नाही, एवढं आमच्या गटानं ठरवलं आहे. ‘हे बी घरात कोण ठेवतं?’ असं विचारायचं. जबाब आतल्या खोलीत जाऊन घ्यायचा. प्रत्येक अर्ज पाड्यावरच्या बाईनं वाचून घेतल्याशिवाय जमा करायचा नाही. यात वेळ जातो. शिबिर एका दिवसात उरकत नाही, देणगीदारांना आकडे कमी दिसतात. गेल्या बैठकीत यावरून आमच्यात बरीच वादावादी झाली आणि दोघी अजून रुसलेल्या आहेत.

मेळावा यंदाही आहे. या वेळी भित्तिपत्रकासाठी मी आधी पाड्यावर गेले आणि मावशींना म्हटलं, चौक लिहून द्या, पालघट आत असलेला, मानधन तुम्ही सांगाल ते. त्या हसल्या. कुणाचं लग्न आहे, म्हणाल्या. लग्न नाही तर पालघट कशाला यायची? मग दोन दिवस त्या, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी यांनी बसून मोहाचं एक झाड काढून दिलं, खाली टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बायका. शेजारच्या दोघींतली एक विधवा आहे. मोहाच्या झाडाला सुवासिनी लागत नाही, असं मावशींनीच तिला सांगून बसवलं. पैसे चौघींनी सारखे वाटून घेतले. छापखान्यात गेल्यावर तिथले गृहस्थ म्हणाले, खाली चार नावं फार गर्दी करतात, नुसतं ‘वारली चित्र’ टाकू या का? आम्ही आमच्या गटाचं बोधचिन्ह काढून टाकलं. नावं मावली.